आमच्या तळ्याचं लग्न

आमच्या तळ्याला बूड नाही, ही थाप मी दहाव्या वर्षी मारली आणि पुढची पंचवीस वर्षं तिला खाऊपिऊ घालून चांगली धष्टपुष्ट केली. याची मला लाज वाटत नाही. गावात ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं ते खरं बोलतात. माझ्याकडे तळं होतं.

गुढियारीच्या अंगाला, मालधक्क्याच्या मागे आमचा पारा. पारा म्हणजे मोहल्ला. रायपूरच्या मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द इतका बसलाय की नागपूरला गेलो तरी आम्ही पाराच म्हणतो आणि हसून घेतो. अर्धा पारा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर आलेल्यांचा, अर्धा पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच लोकांचा. तळं दोघांचं. एका बाजूला दगडी पायऱ्या, त्यांना इकडे पचरी म्हणतात. बाकी तिन्ही बाजूंना बेशरमीची झाडी, जांभळ्या फुलांची. कितीही तोडा, आठ दिवसांत पुन्हा हजर. आमच्या पाऱ्याचा स्वभाव ती आमच्याकडून शिकली की आम्ही तिच्याकडून, हे सांगता येत नाही.

तर त्या उन्हाळ्यात माझा मामेभाऊ नागपुरातून आला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि दोन हातांनी शहाणा. पचरीवर उभा राहून म्हणाला, "याले तळं म्हणता तुम्ही? आमच्या अंबाझरीत नाव चालते नाव. याच्यात म्हैस बसली तर पाणी बाहेर येईन."

मला असं झोंबलं की सांगता सोय नाही. त्याच्या आठ दिवस आधीच वडिलांनी, ते रेल्वेत गार्ड होते, आम्हाला मैकल पहाडावर नेलं होतं. वर सरईच्या, म्हणजे सालाच्या झाडांच्या जंगलात, दगडांच्या खोबणीखोबणीत पाण्याची कुंडं. एखादं परातीएवढं, एखादं खाटेएवढं. पाणी इतकं निवळ की खाली पडलेल्या पानाच्या शिरा मोजून घ्याव्या. त्यातल्या एकात माझी केसांची क्लिप पडली. गुडघाभर पाणी, आम्ही चौघांनी हात घालून घालून चाचपलं, क्लिप काही सापडली नाही.

मी मामेभावाला म्हटलं, "तुमच्या अंबाझरीले बूड आहे ना? आमच्याले नाही. हे खालून पहाडावरच्या कुंडाले जोडलं आहे. माझी क्लिप तिथं पडली, ते काल इथं पचरीवर वर आली."

"दाखव क्लिप."

मी डोक्यातली दुसरी क्लिप काढून दाखवली. आईने नुकतेच माझे केस धुतले होते म्हणून ती ओली होती, हे देवाचं देणं. मामेभावाचं तोंड उघडं राहिलं ते सुट्टी संपेपर्यंत. त्याने पाण्यात पाय घातला नाही.

मग काय, ती थाप चालायला लागली. गवळ्याचा रेडा आत गेला आणि तीन दिवसांनी पहाडावर चरताना सापडला. पाऱ्यातल्या झाडून साऱ्या खाटांच्या नवारी उसवून एकमेकींना बांधून आत सोडल्या, तरी बूड लागलं नाही आणि महिनाभर सगळा पारा जमिनीवर झोपला. एक पाणबुड्या आत गेला तो वर आला तेव्हा त्याला दाढी उगवली होती. हे मी लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, पोस्टात नोकरीला लागल्यावर खिडकीतून तिकिटं देता देता सांगितलं. पाऱ्यातली पोट्टी माझ्या गोष्टी ऐकत मोठी झाली. पचरीजवळ डुंबायची, पण मधोमध कोणी गेलं नाही. आया मला दुवा द्यायच्या, पोरं आत जात नाहीत म्हणून.

मधोमध जायची फक्त एक. सिंघाडेवाली दाई. दाई म्हणजे आई. जातीने केवटीण, म्हणजे नावाड्यांतली, इथली मूळची, सुपारीसारखी टणक बाई. पावसात वेल लावायची, दिवाळीच्या पुढे-मागे ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर पालथी पडून सिंघाडे तोडायची. तिला तळ्याचं बूड तळपायाने पाठ होतं. माझी गोष्ट ऐकली की ती फक्त "हव, हव" म्हणायची आणि उकडलेला सिंघाडा माझ्या हातावर ठेवायची. कलाकाराची कदर होती तिला.

मग आमचं वेगळं राज्य झालं. जिल्ह्याच्या गावात झोपलेले आम्ही राजधानीत उठलो. बघता बघता लाल दिव्यांच्या गाड्या आल्या, पाट्या आल्या, मोजपट्ट्या आल्या. ज्या गावात लोक पत्ता सांगताना 'त्या तळ्यावरून डावीकडे' म्हणायचे, तिथं एकेक तळं खाली बसायला लागलं. आज मुरमाचे चार ट्रक, उद्या रोलर, परवा वर दुकानं. तळ्यावरून डावीकडे वळायला तळंच उरलं नाही, म्हणून कितीतरी पाहुणे अजून सरळ चालत असतील.

राज्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, माघ महिन्यात, सिंघाड्याचे वेल निघून गेलेले, तळं मोकळं. मी पोस्टातून येताना नेहमीच्या टपरीवर चहा पीत होते. शेजारी एक तरुण. इस्त्रीचा शर्ट, हातात वही, चेहरा असा की बोलावंसं वाटावं. समोर पाण्याकडे बघत म्हणाला, "दीदी, ये कितना गहरा होगा?"

माझा दोष काय त्यात? आचाऱ्याला कोणी विचारावं, भूक लागलीय, काही आहे का?

"थाह नहीं है भैया," मी म्हटलं आणि सुरू केलं. क्लिप, रेडा, नवार, पाणबुड्या. नवीन माणूस म्हणून एक मगरही टाकली. तो लिहीत होता. माझ्या आयुष्यात माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं! शेवटी त्याने वही पुढे केली, "यहाँ साइन कर दीजिए, पता और नौकरी भी." मी पोस्टातली झोकदार सही ठोकली. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

फाल्गुनात पचरीवर नोटीस लागली. राजधानीतल्या एका नव्या खात्याची; नाव सांगत नाही. मजकूर असा की, सदर ठिकाणी पाणी साचलेला अथांग व असुरक्षित गड्ढा आहे, सुशिक्षित स्थानिक शासकीय कर्मचाऱ्याच्या लेखी कथनानुसार त्यात जनावरे बुडाली आहेत व मगरीचा वावर आहे, सबब जनसुरक्षेसाठी तो भरून त्या जागी गाड्यांचा वाहनतळ करण्यात येईल.

घरी आई पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं थांबवून विचारलं, "सुशिक्षित कोण वो ते?"

मी गप्प. तिला पंचवीस वर्षांत मी गप्प बसलेली पहिल्यांदाच दिसले असेन.

"बोल आता," आई म्हणाली. "सांग अजून एक रेडा."

संध्याकाळी दाई दारात आली. ओरडली नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवी बसली आणि म्हणाली, "नोनी, मोर तरिया ल तैं खा डारे." पोरी, माझं तळं तू खाऊन टाकलंस. तिचं सासर, माहेर, वर्षाची भाकरी, सगळं त्या पाण्यात. मी आजवर कोणाला घाबरले नाही, पण त्या उकिडव्या बसलेल्या बाईपुढे मला बसायला जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्या खात्यात गेले. तोच तरुण. टेबलाच्या पलीकडे त्याचा चेहरा तितकासा ऐकणारा वाटेना.

"साहेब, मैंने झूठ बोला था."

"कौन सा वाला?"

"सब. बूड आहे. मतलब, तला है."

तो हसला, वाईट नाही, थकल्यासारखा. म्हणाला, "मॅडम, तब सच बोला कि अब, ये मैं कैसे मानूँ? आपका लिखित बयान है. नाप करवाने के लिए नाव चाहिए, आदमी चाहिए, मंजूरी चाहिए. वैशाख के बाद काम शुरू है."

"दाईला विचारा, ती रोज आत जाते."

"उनका तो धंधा है उसमें."

म्हणजे बघा. जिला माहीत आहे तिचं चालत नाही, कारण तिला माहीत आहे. जी थापा मारते तिचं चालतं, कारण तिची सही सुंदर आहे. मी उठले, टेबलावर हात आपटला, त्याच्या वहीवरचा पेपरवेट उडून बहुतेक गावाबाहेर उरल्याच्या कारखान्यांत पडला असेल, आणि म्हटलं, "वैशाखात याच. दाखवते."

काय दाखवणार होते, ते मलाही माहीत नव्हतं. ते दाईने सांगितलं.

"ए तरिया कुँवारी हे," ती म्हणाली. तळं अजून कुंवारं आहे. इकडची रीत अशी की तळं खोदलं म्हणजे झालं नाही. त्याचं लग्न लावतात; मधोमध सरईचा खांब रोवतात, हळद-तेल चढवतात, बँड लावतात. लग्न झालेल्या तळ्याचंच पाणी देवाला चालतं, आणि त्याला भरून टाकायचं धाडस सहसा कोणी करत नाही. आमचं तळं रेल्वेच्या भरावाला माती हवी म्हणून खणलेलं, कोणी लग्न लावलंच नाही. आणि दाईचं दुसरं म्हणणं जास्त सरळ होतं: खांब उभा राहिला की बूड आपोआप साऱ्यांना दिसेल. सायबालाही.

मुहूर्त ठरला अक्तीचा, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. त्या दिवशी इकडे घरोघरी बाहुला-बाहुलीचं लग्न लागतं. आम्ही जरा मोठी बाहुली घेतली एवढंच.

आता आमच्या मराठी मंडळाची करामत ऐका. सचिव होते एक निवृत्त स्टेशनमास्तर, काका म्हणायचो आम्ही. लग्न म्हटल्यावर त्यांनी रीतसर बैठकच लावली. पहिला ठराव, खांब सरईचा काहून? उरल्याच्या रोलिंग मिलमधून लोखंडी घेऊ, सडणार नाही.

दाई म्हणाली, "लोहा संग बिहाव? तुम्हर घर मा होथे का?" तुमच्या घरी लोखंडाशी लग्न लावतात का? काकांच्या घरी काकू होत्या, त्यामुळे त्यांनी ठराव तिथल्या तिथं मागे घेतला. खांब दाईच्या भावाच्या गावाहून बैलगाडीने येईल असं ठरलं. म्हणजे दाईचे लोक झाले वरपक्ष, आम्ही वधूपक्ष. आणि काकांनी त्याच क्षणी वधूपित्यासारखे हात जोडायला सुरुवात केली. गुरुजींनी वधूचं गोत्र विचारलं. काका म्हणाले, "रेल्वे." पंडरीच्या बाजारातून अंतरपाट आणला, खांबाला बांधायला मुंडावळ्या आणल्या. दाईच्या बाजूच्या बाया मुंडावळ्या बघून इतक्या हसल्या की दोघींना पाणी पाजावं लागलं. त्यांनी पत्रिकेवर हळदीचं बोट लावलं, आणि पहिली पत्रिका मी स्वतः त्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"सपरिवार यायचं," मी म्हटलं. "और वही लेते आना."

आला बिचारा. वही घेऊन, टोपी घालून, पचरीच्या वरच्या पायरीवर उभा.

अक्तीला रायपूरचं ऊन म्हणजे काय विचारू नका. माणसांच्या सावल्याही सावली शोधत फिरतात. तळं आटून आत ओसरलेलं, काठाला भेगा, मधे हिरवट पाणी. वरात आली. बँडवाल्यांनी असं वाजवलं की बेशरमीची फुलंसुद्धा गळून पडली. वरपक्ष पन्नास सांगून दोनशे आला. वडाभात पुरवताना आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी वेगळी लिहीन. हळद चढली, खांब हळदीने पिवळाजर्द. एकाच कार्यात चार भाषांतून चारशे सूचना सुरू.

खांब उचलला आमच्या पाऱ्यातल्या सहा जवानांनी. एक बँकेत, एक वीज खात्यात, एक तर व्यायामशाळेत मास्तर. वरपक्षाचा नियम असा की खांब त्यांनी आणायचा, पाण्यात वधूकडच्यांनी न्यायचा. वाजतगाजत उतरले. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, मांडीएवढं. कमरेला पाणी लागलं आणि सहाही जण थांबले.

"चला ना पुढं!" काका काठावरून ओरडले.

कोणी हलेना. व्यायामशाळेचा मास्तर मागे वळून म्हणाला, "ताई, याच्यापुढं ते... नवारवालं आहे ना?"

हे माझेच श्रोते. यांना मी खिडकीतून पोस्टाची तिकिटं देताना रेडा दिला होता, बारशात पाणबुड्या दिला होता. ताडमाड वाढलेले, पगार घेणारे, मिशावाले गडी, आणि सहाच्या सहा माझ्या थापेच्या कडेवर उभे राहून थरथरत होते. वरच्या पायरीवर साहेब वहीत काही लिहायला लागला. त्याला आणखी पुरावा तो कसला हवा? माझ्या शेजारी दाई. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती नुसती तळ्याकडे बघत होती, कोणी आपल्या माणसाला दवाखान्यात आत नेताना बघावं तशी. सत्तरी गाठलेली, गुडघे गेलेले. खांब तिच्याने उचलला जाणं शक्य नव्हतं.

मी पदर खोचला.

"काय करून राहिली तू!" आई ओरडली. "नवी साडी आहे ते!"

"बायका नाही नेत खांब," गुरुजी म्हणाले.

"बायका थापा मारतात ते चालते?" मी म्हटलं आणि उतरले.

खरं सांगते, आणि हे मी फार कमी वेळा म्हणते: मला पोहता येत नाही. तळ्याच्या गोष्टी सांगायला पोहावं लागत नाही. मधोमध मीही कधी गेले नव्हते. पंचवीस वर्षं तेच तेच सांगून माझ्याही मनात कुठेतरी शंका बसली होती की, असेल बाई, नसेलही बूड. कमरेपर्यंत गेले, खांबाचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं, ओल्या सरईचा वास नाकात. पुढच्या पावलाला खाली चिखल, मऊ, गरम. त्याच्या पुढच्याला पुन्हा चिखल. मी मोठ्याने बोलायला लागले, कारण बोलले नसते तर परत फिरले असते.

"हा घ्या रेडा! नाही! ही घ्या नवार! नाही! मगर कुठं आहे वो? मगर सुट्टीवर!"

काठावर आधी हसू, मग टाळ्या. एकेक थाप मी तिथं सगळ्यांसमोर माझ्याच पायाखाली तुडवत गेले. सोपं नाही ते. माणसाने पंचवीस वर्षांची कमाई अशी चिखलात ओतावी आणि वर हसूनही दाखवावं. पण मी मान खाली घातली नाही. पाणी छातीला लागलं, काखेत आलं आणि तिथंच थांबलं. मागचे सहा जण, शरमेने असो की मर्दानगीने, ओढले गेले. मधोमध पोचलो. दाईच्या भावाने काठावरून खूण केली, खांब उभा केला, हाणला, हलवला, पुन्हा हाणला. बुडात गेला तो. खस्सकन गेला, बसला.

मी दोन्ही हात वर केले. "साहेब! देखिए! इतना है!"

साहेब पचरीच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरला. "अभी गर्मी है मॅडम. बरसात में?"

"बरसात में सर के ऊपर जाएगा! इसीलिए तो उसको तालाब बोलते हैं, बाल्टी नहीं!"

काठावर असा हशा झाला की पाण्याला लाट आली. साहेबही हसला. "ठीक है, बाहर आइए, मैं नोट कर लूँगा."

बाहेर आले असते तर चहा झाला असता, जेवण झालं असतं, वही मिटली असती आणि ज्येष्ठात मुरमाचे ट्रक आले असते. मी काही काल राजधानीत आलेली नाही. खांबाला मिठी मारली. "पहले लिखिए. मैं यहीं हूँ."

"मॅडम, धूप है."

"मैं पानी में हूँ. धूप आपको है."

तो उभा राहिला, मी उभी राहिले. गुरुजी मुहूर्त टळतो म्हणून कुरकुरले. दाई मात्र हलली. ती त्याच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली, तशीच उकिडवी, त्याची वर जायची वाट अडवून. साहेबाने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पेन उघडलं.

लिहून झाल्यावर त्याला सही हवी होती, बयान बदलणाऱ्याची. कागद आत कसा जाणार? वडाभाताची मोठी परात रिकामी झाली होती. आईने ती स्वतःच्या पदराने पुसून कोरडी केली, त्यात कागद ठेवला, वर पेन, आणि व्यायामशाळेच्या मास्तराने ती परात पाण्यावरून ढकलत ढकलत माझ्यापर्यंत आणली. शपथेवर सांगते, हे झालं. न मानणाऱ्याने खुशाल मानू नये.

मी कागद वाचला. सवयीने, पोस्टातली बाई, आधी वाचते मग सही. सगळं ठीक होतं. प्रत्यक्ष पाहणी, उन्हाळी पाणी अर्जदाराच्या काखेइतकं, धोका नाही. पण वरती शीर्षकात अजून 'गड्ढा' लिहिलेलं होतं. मी परातीच्या काठावर कोपर टेकवलं, 'गड्ढा' खोडला, ओल्या बोटाने शाई जरा पसरली, आणि शेजारी ठळक लिहिलं: तालाब. मग सही केली.

"वो क्या काटा आपने?" साहेब ओरडला.

"आपकी गलती," मी ओरडले. परात परत ढकलली, ओला पदर डोक्यावरून घेतला आणि काठावरच्या गुरुजींना म्हटलं, "आता म्हणा मंगलाष्टकं. नवरदेव केव्हाचा उभा आहे."